तेराव्या वर्षी दुसऱ्याचं नाव

अमेरिकेतल्या बऱ्याच ज्यू घरांत मुलाच्या बार मिट्झ्वाची, म्हणजे तेराव्या वर्षी धर्माची जबाबदारी अंगावर येते त्या समारंभाची, तयारी सुरू झाली की हॉल, जेवण आणि पाहुण्यांची यादी यांच्या जोडीला हल्ली आणखी एक काम निघतं. होलोकॉस्टमध्ये, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात, मारल्या गेलेल्या एका मुलाचं नाव मिळवायचं. शक्यतो वयाने जवळचं, जमलं तर त्याच नावाचं, नाहीतर पणजोबा ज्या गावातून निघाले त्या गावचं. जेरुसलेमची याद वाशेम ही स्मारकसंस्था अशी नावं देते. या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात निघालेल्या 'रिमेंबर अस' या उपक्रमानेही हेच केलं. मग त्या शनिवारी सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) बारा-तेरा वर्षांचं पोर तोरा या धर्मग्रंथातला आपला भाग म्हणतं, त्यावर बेतलेलं छोटं भाषण करतं आणि भाषणाच्या ओघात एक अनोळखी नाव घेतं: अमुक, गाव तमुक, मारलं गेलं तेव्हा वय अकरा. कुठे त्या नावाची खुर्ची रिकामी ठेवतात, कुठे कार्यक्रमपत्रिकेवर फोटो छापतात. याला ट्विनिंग म्हणतात. मेलेलं मूल जिवंत मुलाचं जुळं भावंड ठरतं.

ही प्रथा चालू राहावी असं मला वाटतं. पण तिच्या बाजूने सर्रास जे कारण दिलं जातं ते पटत नाही, आणि कारण चुकलं की प्रथाही हळूहळू भलत्या वळणाला लागते.

नेहमीचं कारण असं: त्या मुलाला बार मिट्झ्वा लाभला नाही, तो आज आपण त्याला देऊ. ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. पण खुद्द ज्यू धर्मशास्त्रात याला फारसा आधार नाही. मुलगा तेरा वर्षं पुरी करून पुढच्या दिवसात आला की तो आपसूक धर्माच्या आज्ञांना बांधील होतो. त्यासाठी समारंभ लागत नाही, रबाय म्हणजे धर्मगुरू लागत नाही, सिनेगॉगही लागत नाही. त्याला तोरापाशी बोलावतात ते झालेल्या बदलाची जाहीर खूण म्हणून. पोलंड-लिथुआनियातल्या गावांत तर हा कार्यक्रम अगदी आटोपशीर असे. सकाळच्या प्रार्थनेत मुलाला वर बोलवायचं, त्याने आशीर्वचनं म्हणायची, मग थोडी दारू, केक, खारवलेला हेरिंग मासा, आणि माणसं आपापल्या कामाला पांगायची. म्हणजे विल्नाच्या किंवा लॉड्झच्या घेट्टोत, ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, जो मुलगा तेरा वर्षांचा झाला, तो बार मिट्झ्वा झालाच. त्याच्या अंगावर आज्ञा आल्या, त्या पाळायची सोय मात्र कोणी ठेवली नव्हती.

मुलींच्या बाबतीत हे कारण आणखी लंगडं पडतं. आजचा बात मिट्झ्वा, म्हणजे मुलींचा बार मिट्झ्वा, हा मुख्यतः अमेरिकेत घडलेला विधी. 18 मार्च 1922 रोजी न्यूयॉर्कमध्ये मॉर्डेकाय कॅप्लन या रबायने आपल्या ज्युडिथ नावाच्या मुलीला प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावलं, तिने छापील पुस्तकातून तोराचा उतारा वाचला, आणि तिथून हा प्रवाह सुरू झाला असं धरतात. तिथेही तो रुळायला पुढची काही दशकं गेली. पूर्व पोलंडमधल्या कर्मठ घरातली बारा वर्षांची मुलगी 1942 साली सिनेगॉगच्या मंचावर जाऊन तोरा वाचेल ही कल्पना तिच्या आईला सुचली नसती, आणि बापाला रुचली नसती. तिच्या नावाने 'तुझा हिरावलेला बात मिट्झ्वा तुला परत' असं म्हणणं म्हणजे आपल्या इच्छा तिच्या तोंडी घालणं आहे.

शिवाय नाझींनी मारलेली सगळी मुलं धार्मिक घरांतली नव्हती. बुंद या समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्यांची होती, कम्युनिस्टांची होती, बुडापेस्टमधल्या बाप्तिस्मा घेतलेल्या आईबापांची होती. 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी माणसाचं ज्यू असणं त्याच्या आजी-आजोबांवरून ठरवलं. मुलाला स्वतःविषयी काय वाटतं, त्याच्या घरात शुक्रवारी मेणबत्त्या लागतात की नाही, हे कोणी विचारलं नाही. आता आपणही न विचारता त्याला प्रार्थनेची शाल पांघरणार का?

या मुलांकडून समारंभ हिरावला गेला असं म्हणताना नुकसान फार छोटं करून सांगितलं जातं. त्यांचं चौदावं वर्ष गेलं, चाळिसावं गेलं, नातवंडांवर खेकसण्याचं वय गेलं. हे सकाळच्या दोन तासांत कोणी परत करू शकत नाही, आणि तसा आव आणू नये.

नाझींच्या छळछावणीत बार मिट्झ्वा खरोखर झाल्याची एक घटना नीट नोंदलेली आहे. 1944 चा मार्च, बर्गन-बेल्सन. अॅमस्टरडॅमहून आणलेला योआखिम योसेफ नावाचा मुलगा तेरा वर्षांचा होत होता. त्याच बराकीत सायमन दासबर्ग नावाचे डच रबाय होते. त्यांनी तळहातावर मावेल एवढी तोराची गुंडाळी छावणीत लपवून आणली होती. ते त्या मुलाला गुपचूप वाचायला शिकवत. ठरल्या दिवशी पहाटेच्या अंधारात खिडक्यांवर घोंगड्या टाकल्या, मोजकी माणसं जमली, मुलाने आपला भाग वाचला. मग सगळे हजेरीला गेले, कारण हजेरी चुकवण्याची मुभा कोणालाच नव्हती. नंतर दासबर्गनी ती गुंडाळी मुलाच्या हाती दिली. मी इथून जिवंत बाहेर पडणार नाही, ही तू ने, पण इथे काय झालं ते लोकांना सांगशील असं वचन दे, असं ते म्हणाले. दासबर्ग बर्गन-बेल्सनमध्येच मेले. मुलगा जगला, इस्राएलला गेला, तेल अवीव विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ झाला. हे वचन त्याला पुढे कितीतरी वर्षं जड गेलं. एकदा कामानिमित्त घरी आलेल्या इलान रामोन या अंतराळवीराने ती गुंडाळी पाहिली, विचारपूस केली आणि ती आपल्याबरोबर न्यायची परवानगी मागितली. रामोन यांची आई ऑशविट्झच्या मृत्युछावणीतून वाचलेली. 2003 च्या जानेवारीत कोलंबिया यानातून रामोननी ती गुंडाळी जगाला दाखवली. 1 फेब्रुवारीला यान परतताना फुटलं आणि सातही अंतराळवीरांबरोबर गुंडाळीही गेली. त्या यानात तेरेझिनच्या घेट्टोत पेटर गिंझ या मुलाने काढलेल्या चांद्रभूमीच्या चित्राची प्रतही होती. पेटर ऑशविट्झमध्ये मारला गेला. तो जगला असता तर यान फुटलं त्या दिवशी पंचाहत्तर वर्षांचा झाला असता. या योगायोगावर बरंच लिहिलं गेलं आहे. मला त्यात शिरायचं नाही.

मला महत्त्वाची वाटते ती दासबर्गनी घातलेली अट. त्यांनी मुलाला दिलासा दिला नाही, काम दिलं. बार मिट्झ्वाचा मूळ गाभा तोच आहे: आजपासून तुझ्यावर काही गोष्टी बंधनकारक आहेत. मग मेलेल्या मुलाचं नाव घेण्याच्या प्रथेलाही हीच कसोटी का लावू नये? नाव घेतल्याने त्या तेरा वर्षांच्या पोराच्या अंगावर काही जबाबदारी येते की नाही? येत असेल तर प्रथा खरी. येत नसेल तर तो सजावटीचा भाग झाला.

ट्विनिंगची कल्पना मुळात जिवंत मुलांसाठी होती. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि 80 च्या दशकात अमेरिकेतली ज्यू मुलं आपला बार मिट्झ्वा मॉस्को, लेनिनग्राड, कीव इथल्या मुलांबरोबर जोडून घेत. देश सोडायची परवानगी मागितलेल्या आणि नाकारल्या गेलेल्या, 'रिफ्यूजनिक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबांतली ही मुलं. रिकामी खुर्ची तेव्हाही ठेवत. पण तिचा अर्थ स्पष्ट होता: या खुर्चीवरचा मुलगा येऊ शकतो, त्याला येऊ दिलं जात नाही. मुलं त्यांना पत्रं पाठवत, पुष्कळ पत्रं वाटेतच गडप होत. आपापल्या प्रतिनिधींनाही लिहीत. कुणाचं तरी लक्ष आहे हे क्रेमलिनला कळावं हा उघड हेतू होता. पुढे दारं उघडली, त्यातली काही कुटुंबं बाहेर आली आणि काही जोड्या एकमेकांना भेटल्यासुद्धा.

तोच साचा मेलेल्या मुलांसाठी वापरला की अडचण होते. इथे पत्राला उत्तर येणार नाही, खुर्ची भरणार नाही, दबाव कोणावर आणायचा नाही. मग रिकाम्या जागेत कल्पनाशक्ती शिरते. 'ती असती तर तिलाही माझ्यासारखं फुटबॉल आवडलं असतं', 'ती नक्की डॉक्टर झाली असती.' तेरा वर्षांच्या मुलाने असं म्हटलं तर त्याला दोष देऊ नये, हातात दुसरं काहीच नसेल तर तो काय बोलणार? दोष मोठ्यांचा. त्यांनी त्याच्या हाती नाव, फोटो आणि प्रमाणपत्र दिलं, पण काम दिलं नाही. जुळं म्हटलं की सारखेपणा शोधला जातो. आणि या दोन मुलांमध्ये सर्वांत मोठी गोष्ट सारखी नाही, एकाला सुरक्षित देशात जन्म मिळाला.

या प्रथेला लागू पडणारा सर्वांत कडक आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो एका ज्यूनेच, ऑशविट्झमधून वाचलेल्या माणसाने घेतला आहे. येहुदा एल्काना 1934 चे. दहा वर्षांचे असताना त्यांना ऑशविट्झला नेलं. पुढे ते विज्ञानाच्या इतिहासाचे नावाजलेले अभ्यासक झाले. 2 मार्च 1988 ला, पहिला इंतिफादा (पॅलेस्टिनींचा उठाव) चिघळत असताना, त्यांनी 'हाआरेत्झ' दैनिकात विसरण्याची गरज मांडणारा लेख लिहिला. इस्राएलच्या शाळा पोरांना पुन्हा पुन्हा याद वाशेमला नेतात. त्या कोवळ्या मुलांनी या अनुभवाचं करायचं काय, असा त्यांचा सवाल होता. नुसतं 'लक्षात ठेव' म्हटलं आणि काय करायचं ते सांगितलं नाही, तर मूल ते द्वेषाचं आवाहन म्हणूनही ऐकू शकतं. जगाने लक्षात ठेवावं, आपण मात्र विसरायला शिकलं पाहिजे, इथपर्यंत ते गेले.

दुसऱ्या टोकाला एमिल फाकेनहाइम. नाझींच्या छावणीत काही महिने काढून बाहेर पडलेला हा तत्त्वज्ञ पुढे कॅनडात स्थायिक झाला. तोरातल्या 613 आज्ञांत त्याने 1967 साली आणखी एक जोडली: हिटलरला मरणोत्तर विजय मिळवून देऊ नका. वाक्य जबरदस्त आहे. पण आपण धर्म पाळायचा की नाही, मुलं वाढवायची कशी, हे हिटलरच्या हिशोबाने ठरवायचं? तेरा वर्षांच्या मुलीने तोरा वाचावा तो तिला किंवा तिच्या समाजाला त्यात काही सापडतं म्हणून. कोणाची तरी जिरवण्यासाठी वाचणं हा फार कोता हेतू झाला.

एल्कानांचा आक्षेप मला सहज बाजूला सारता येत नाही. आज तर नाहीच. गाझात मारल्या जाणाऱ्या मुलांचा विषय निघाला की याच स्मृतीची ढाल पुढे करणारी माणसं आहेत. आणि त्याच वेळी 2025 पासून तेल अवीवच्या रस्त्यावर गाझातल्या मेलेल्या मुलांचे फोटो आणि मेणबत्त्या हातात धरून न बोलता उभे राहणारे इस्राएली नागरिकही आहेत. एकाच देशात, एकाच शाळेत शिकलेली ही दोन्ही माणसं. म्हणजे स्मरणाने माणूस कठोरच होतो असं नाही, आणि हळवा होतो असंही नाही. एल्काना ज्या स्मरणावर चिडले होते ते घाऊक होतं: साठ लाख, धूर, चपलांचे ढीग. असल्या आकड्यापुढे मूल एकतर बधिर होतं, नाहीतर संतापतं. एका मुलाचं नाव, गाव, आईचं नाव, घराचा रस्ता शोधायला बसवलं तर निदान संतापाला वेळ राहत नाही. कामाला बसलेला माणूस घोषणा कमी देतो. एल्काना विचारत होते, मुलांनी याचं करायचं काय? त्याला पुरेसं उत्तर यातून मिळतं असा माझा दावा नाही, पण उत्तर द्यायचंच तर ते याच दिशेला आहे.

मग काम कोणतं? पहिलं ज्यू परंपरेत आधीपासून तयार आहे. कद्दिश. मृतांसाठी म्हणायची ही प्रार्थना, जिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही. ती देवाच्या नावाची थोरवी सांगते. ती साधारणपणे मुलांनी आईबापांसाठी म्हणायची, पहिले अकरा महिने आणि नंतर दरवर्षी तिथीला. अट एकच: किमान दहा जणांचा मिन्यान हवा. नऊ असतील तर कद्दिश नाही, मग त्या नऊ जणांत कितीही मोठे विद्वान असोत. आणि मुलगा या दहांत मोजला जातो तो तेरा पूर्ण झाल्यावर. (कर्मठ पंथांत मुली अजून मोजल्या जात नाहीत. उदारमतवादी रिफॉर्म पंथ त्यांना मोजतो, मधल्या वाटेच्या काँझर्व्हेटिव्ह पंथात 1973 पासून ते दार उघडलं.) म्हणजे बार मिट्झ्वाच्या दिवशी होणारा अगदी व्यवहारी बदल असा की हे पोर आता दहावा माणूस होऊ शकतं. कालपर्यंत त्याच्या असण्याने कुणाची प्रार्थना अडत नव्हती की सुटत नव्हती, आजपासून अडू शकते.

ज्याच्या मागे म्हणणारं कुणी उरलं नाही, त्याच्यासाठी परक्याने कद्दिश म्हणावी याला परंपरेत मज्जाव नाही, उलट ते पुण्याचं मानतात. आपल्याकडे तर्पणात स्वतःच्या पितरांना पाणी देऊन झाल्यावर, ज्यांना ना आई, ना बाप, ना भाऊ, ना गोत्रातलं कुणी, त्यांच्यासाठीही एक ओंजळ सोडतात, तसंच काहीसं. म्हणून मला जुळ्या भावंडाच्या नात्यापेक्षा हे नातं खरं वाटतं. मी तुझ्यासारखा नाही, तुझं आयुष्य मी जगत नाही, तुझा बार मिट्झ्वाही मी करत नाही. तुझ्यामागे कुणी नाही आणि मी आजपासून मोजला जातो, एवढंच.

दुसरं काम जास्त किचकट, आणि माझ्या मते जास्त मोलाचं. याद वाशेम 1950 च्या दशकापासून साक्षीची पानं गोळा करत आली आहे. एका मृतासाठी एक पान. आडनाव, नाव, आईचं नाव, बापाचं नाव, जन्मगाव, युद्धाआधी राहायचं ठिकाण, युद्धात कुठे होते, कुठे आणि कसे मेले. खाली लिहिणाऱ्याचं नाव, नातं आणि सही. ही पानं भरली बहिणींनी, चुलतभावांनी, शेजाऱ्यांनी, एकाच वर्गात बसलेल्यांनी, म्हातारपणी, थरथरत्या अक्षरात, हिब्रू, यिडिश, रशियन, हंगेरियनमध्ये. मुलांच्या पानांवर बऱ्याच रकान्यांत काहीच नसतं. भावाला तीन पोरं होती हे आठवतं, दोघांची नावं आठवतात, तिसरं तान्हं होतं. नावाच्या जागी नुसतं 'मूल'.

या पानांसह वेगवेगळ्या नोंदींतून सुमारे 50 लाख नावं हाती आली आहेत. उरलेली सापडणं दिवसेंदिवस कठीण, आणि त्यांत मुलं पुष्कळ. ऑशविट्झला 2 लाख 16 हजारांच्या आसपास ज्यू मुलं आणि किशोरवयीन नेले गेले. लहानांना बहुतेक रेल्वेच्या फलाटावरून थेट गॅस चेंबरकडे पाठवलं. त्यांची नोंदच झाली नाही, हातावर क्रमांकही गोंदला गेला नाही. त्याहून वाईट स्थिती पूर्वेकडे. युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात गावाशेजारच्या खड्ड्यांवर अख्खी कुटुंबं एका दिवसात गोळ्या घालून मारली. शेजारी होते, पण त्यांतल्या कितीजणांनी पुढे पानं भरली असतील? फ्रान्समध्ये याउलट कागद होता. हद्दपारीच्या गाड्यांच्या याद्या टाइप केलेल्या होत्या. त्यावरून सर्ज क्लार्सफेल्ड यांनी फ्रान्समधून नेलेल्या 11 हजारांहून जास्त ज्यू मुलांची यादी उभी केली आणि कित्येकांचे फोटोही मिळवले. नेदरलँड्समध्ये नागरिकांची नोंदवही इतकी चोख की अॅमस्टरडॅमच्या 2021 सालच्या स्मारकात 1 लाख 2 हजारांहून जास्त विटांवर प्रत्येकी एक नाव, जन्मतारीख आणि मृत्यूचं वय कोरता आलं. ज्या कारभाराने ही माणसं वेचून काढली त्याच कारभारामुळे ती आज नावानिशी सापडतात. त्या स्मारकात काही विटा मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत.

ही विषमता ट्विनिंगमध्ये अलगद उतरते. निवडायची वेळ आली की फोटो असलेलं मूल निवडलं जातं. पॅरिसची, प्रागची, अॅमस्टरडॅमची, रिबीन बांधलेली, स्टुडिओत काढलेल्या फोटोतली मुलगी. पूर्वेकडच्या व्होल्हिनियातल्या चांभाराचं चौथं पोर कोण घेणार? त्याच्याबद्दल भाषणात सांगायला काहीच नाही. माझं म्हणणं असं की तेच घ्यावं. ज्याचं पान अर्धं कोरं आहे ते घ्यावं आणि वर्षभरात त्यातला एक रकाना भरायचा प्रयत्न करावा. बार मिट्झ्वाची तयारी तसंही वर्षभर चालते. गावाचं नाव जुन्या पोलिश नकाशावर शोधणं, त्या गावातून अमेरिकेला आलेल्यांनी युद्धानंतर काढलेला स्मरणग्रंथ वाचनालयातून मिळवणं, त्याचं यिडिश वाचू शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन बसणं. हे तेरा वर्षांच्या मुलाला जमतं. रकाना नाहीच भरला तरी चालेल. सगळं समजतंच असं नाही हे कळायला तेरावं वर्ष वाईट नाही.

आईबापांची भीती मला ठाऊक आहे: आनंदाच्या दिवशी पोराच्या डोक्यावर मरणाचं ओझं कशाला? यातला अर्धा भाग मान्य. आठवड्यापूर्वी अचानक एखादा फोटो हातात देऊन 'ही तुझी जुळी बहीण' म्हणणं क्रूर आहे. पण ज्यू आनंदात मृत्यूची आठवण हा काही बाहेरून घुसलेला पाहुणा नव्हे. लग्नात पेला पायाखाली फोडतात तो जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिरासाठी. आनंद आणि आठवण एकाच दिवशी सांभाळणं ही या परंपरेची जुनी सवय आहे. बाधतं ते प्रमाण. संध्याकाळच्या पार्टीत डीजे, नावाच्या आद्याक्षरांची बर्फाची मूर्ती, आणि प्रवेशदाराशी फ्रेममध्ये तेरेझिनचं मूल; अशी मांडणी पाहिली की वाटतं, त्या मुलाला इथे बोलवायला नको होतं. त्याचं नाव सकाळच्या प्रार्थनेत घ्या, तिथे ते शोभतं. संध्याकाळी पोरांना नाचू द्या, कुणाचाही फोटो न लावता.

आपल्याकडच्या बेने इस्राएल समाजाला हा प्रश्न निराळ्या बाजूने भिडतो. अलिबाग-पेणच्या पट्ट्यातले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले हे मराठी ज्यू. युरोपात ज्यूंची मुलं खड्ड्यांवर उभी केली जात होती तेव्हा इथली मुलं मुंबईच्या शाळांत पाढे म्हणत होती. त्यांतली पुष्कळ कुटुंबं नंतर इस्राएलला गेली. लोद, रामला, अश्दोद, दिमोनात आजही घरात मराठी ऐकू येते. तिथे होलोकॉस्ट स्मृतिदिनाच्या सकाळी भोंगा वाजतो आणि रस्त्यावरची वाहनं थांबतात, तेव्हा त्या घरातलं मूलही उभं राहतं. त्याच्या आजीने घेट्टो पाहिलेला नाही. मग ते मेलेलं लिथुआनियन मूल याचं कोण? रक्ताच्या हिशोबाने कोणी नाही, आणि पूर्व युरोपीय ज्यूंनी इस्राएलमध्ये या काळ्या कातडीच्या भाईबंदांशी सुरुवातीला जे वर्तन केलं ते आठवलं तर उपकाराचाही हिशोब बसत नाही. 1960 च्या दशकात बेने इस्राएलांच्या विवाहांवर तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली होती, त्यासाठी या लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं होतं. तरीही दिमोनातल्या कुणा पोराने असं एखादं नाव घेतलंच, तर ते या प्रथेचं सर्वांत निखळ रूप म्हणावं लागेल. त्यात 'माझे' असं काहीच नाही, दहावा माणूस म्हणून उभं राहणं एवढंच आहे.

याद वाशेमच्या आवारात मुलांचं वेगळं स्मारक आहे, वास्तुकार मोशे साफदी यांनी 1987 साली बांधलेलं. जमिनीखालच्या अंधाऱ्या दालनात थोड्या मेणबत्त्या आणि आरसे. ज्योती असंख्य दिसतात, आणि आवाजात एकामागून एक मुलांची नावं, वयं, देश ऐकू येतात. ज्यांनी त्यासाठी पैसा दिला त्या श्पीगल दांपत्याचा अडीच वर्षांचा मुलगा ऑशविट्झमध्ये मारला गेला होता. तिथून बाहेर येणारे बहुतेक रडत येतात. स्मारकाचं काम तेच आणि ते ते चोख करतं. पण तेरा वर्षांच्या मुलाकडून सिनेगॉगच्या मंचावर तोच परिणाम साधायला जाऊ नये. त्याच्या भाषणाने किती जणांनी रुमाल काढले हे प्रथेच्या यशाचं माप नाही.

माप हवंच असेल तर एक सुचवतो. मृत्यूची तारीखच ठाऊक नाही अशांसाठी इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने ज्यू पंचांगातल्या तेवेत महिन्याची दहावी तिथी सार्वजनिक कद्दिशचा दिवस म्हणून ठरवली आहे. उपासाचा दिवस, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत येतो. निमंत्रणपत्रिका नसते, छायाचित्रकार नसतो, भेटवस्तू तर नसतातच. ज्या सिनेगॉगने गेल्या वर्षी दहा मुलांकडून दहा नावं घेतली, त्याने त्या संध्याकाळी त्यांतली किती मुलं आली ते मोजून पाहावं. दोन आली तरी पुढच्या वर्षी नावं वाटायला हरकत नाही. एकही आलं नाही तर प्रमाणपत्रं छापणं थांबवावं आणि आधी मोठ्यांनी येऊन बसावं.